तुरुंगपट : लेखांक ५
न दाखवलेलं पलायन

गेल्या आठवड्यात रोबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (1956) पाहिला. चमचा घासून केलेली पटाशी, दाराच्या फळ्या, विणलेले दोर, सगळं त्यात अगदी जवळून दिसतं. जिम जार्मुशचा 'डाउन बाय लॉ' (1986) याच्या बरोबर उलटा. यातही तिघे जेल फोडून पळतात, पण कसे पळाले ते दिग्दर्शक दाखवत नाही. मैदानात फिरता फिरता रोबेर्तो नावाचा कैदी म्हणतो, मला एक वाट सापडली आहे. पुढे लगेच तिघे भुयारी गटारातून पळताना दिसतात. ना नकाशा, ना पहारेकऱ्याशी संगनमत, ना खोदकाम. वर हा रोबेर्तो खूश होऊन म्हणतो, आपण अगदी अमेरिकन सिनेमातल्यासारखे पळालो! ज्या प्रसंगासाठी प्रेक्षक तिकीट काढतो, नेमका तोच गाळून त्याचं श्रेय मात्र घ्यायचं, असला मिश्कीलपणा जार्मुशच करू जाणे.

गाळण्याची ही सवय सुरुवातीपासून आहे. न्यू ऑर्लीन्स शहर. जॅक हा बायकांची दलाली करणारा, झॅक हा नोकऱ्या टिकवू न शकणारा रेडिओ निवेदक. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांनाही त्यांच्याच ओळखीतले लोक अडकवतात. जॅकला एका खोलीत 'नवी मुलगी' बघायला पाठवतात. ती निघते अल्पवयीन, आणि मागोमाग पोलीस हजर. झॅकला हजार डॉलर देऊ करतात, काम एवढंच की एक जग्वार गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडायची. वाटेत पोलीस गाडी अडवतात, डिकी उघडतात, आत प्रेत. एखाद्या गुन्हेपटाने या दोन सापळ्यांवर दोन तास काढले असते. इथे दोन्ही चटकन उरकतात. खटला नाही, वकील नाही, न्यायाधीश नाही. ही मंडळी थेट ऑर्लीन्स पॅरिश प्रिझनच्या एका कोठडीत.

मग उरतं काय? वेळ. आणि एकमेकांची तोंडं बघणं. जार्मुशला खरा रस यातच आहे.

झॅक भिंतीवर दिवसांच्या रेघा ओढतो. जॅक बिछान्यावर पडून असतो. दोघांत बोलणं कमी, धुसफूस जास्त, शेवटी हाणामारी. रॉबी म्यूलरचा कॅमेरा शक्यतो जागचा हलत नाही. माणूस बोलला की त्याचा चेहरा मोठा करून दाखवायचा, ऐकणाऱ्याकडे वळायचं, ही नेहमीची पद्धत इथे नाही. सगळे एकाच चौकटीत, लांबलचक शॉटमध्ये. त्यामुळे एकाने टाकलेलं वाक्य दुसऱ्याच्या डोक्यात शिरून त्याच्या कपाळावर आठी उमटेपर्यंतचा सगळा अवकाश आपण बघत राहतो, आणि हसू त्या अवकाशात येतं. विनोदाला मध्येच कात्री लावायची नाही, हे चॅप्लिन आणि कीटनच्या काळातलं शहाणपण जार्मुशने उचललं आहे. म्यूलर हा डच छायाचित्रकार, विम वेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सस'चा (1984). कृष्णधवल फितीवर त्याने न्यू ऑर्लीन्सची बसकी घरं आणि लुइझियानाची दलदल इतकी देखणी टिपली आहे की तिथे अडकलेल्यांची कीव करायला आपण विसरतो.

जॅकचं काम करणारा जॉन लुरी सॅक्सोफोनवादक, चित्रपटाचं पार्श्वसंगीतही त्याचंच. झॅक म्हणजे गायक टॉम वेट्स. आरंभी आणि अखेरीस वाजणारी गाणी त्याच्या 'रेन डॉग्ज' (1985) या अल्बममधली. दोघेही पढीक नट नव्हेत, आणि त्याचा फायदाच झाला आहे. बोलण्याइतकंच थांबणंही त्यांना तालात जमतं.

आणि मग कोठडीत तिसरा येतो. रोबेर्तो बेनीन्यी. इटलीत तो तेव्हा नावाजलेला विनोदी नट होता, अमेरिकेला मात्र अनोळखी. 'लाइफ इज ब्यूटिफुल' (1997) आणि ऑस्करच्या वेळी खुर्च्यांवरून उड्या मारत मंचाकडे जाणं हे पुढचं. इथला रोबेर्तो इंग्रजीचे तुकडे वहीत टिपत फिरणारा परदेशी आहे. जेलच्या आधी एका रात्री रस्त्यात तो दारू प्यायलेल्या झॅकला भेटतो. झॅक त्याला 'चालता हो' म्हणतो. हा ते शब्द वहीत उतरवून घेतो, मनापासून आभार मानतो आणि तितक्याच प्रेमाने 'तुम्हीही चालते व्हा' म्हणून निरोप घेतो.

या त्रिकुटातली गंमत अशी की खरा गुन्हेगार हा एकटाच. पत्त्यांत लबाडी केली म्हणून लोक अंगावर आले, तेव्हा त्याने बिलियर्डचा चेंडू फेकून मारला आणि समोरचा मेला. जॅक आणि झॅकने त्यांच्यावर ठेवलेला गुन्हा केलेला नाही, तरी दोघे कडवट, फुशारकी मारणारे, स्वतःच्या प्रेमात पडलेले. माणूस मारलेला रोबेर्तो मात्र निर्मळ. काळा विनोद म्हणजे प्रेतावर कोटी करणं, असा समज असेल तर हा चित्रपट पाहावा. इथे काळेपणा आहे तो न्यायाच्या या उलट्या हिशेबात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

कोठडीला खिडकी नाही, म्हणून रोबेर्तो भिंतीवर एक खिडकी रेखाटतो. मग जॅकला विचारतो, इंग्रजीत खिडकीतून पाहतो म्हणायचं की खिडकीकडे? जॅक शांतपणे सांगतो, इथे तरी 'कडे'च म्हणावं लागेल. दुसऱ्या प्रसंगी हाच गडी इंग्रजी 'ओरडणे' आणि आइस्क्रीम यांच्या सारख्या उच्चारावर बेतलेली एक पोरकट कोटी म्हणायला लागतो. आधी तिघे कोठडीत गोल फिरत ती गातात, मग शेजारच्या कोठड्या, मग सगळी बराक. जेलपटातलं ठरलेलं बंड म्हणतात ते हेच, फक्त मागणी आइस्क्रीमची.

बाहेर पडल्यावरही सुटका नाही. दलदलीत त्यांना एक झोपडी सापडते. आत शिरतात तर कोठडीसारखेच एकावर एक बिछाने. मला सगळ्यांत आवडतो तो सशाचा प्रसंग. जॅक आणि झॅक भांडून निघून गेलेत, रोबेर्तो एकटाच शेकोटीवर ससा भाजत आईच्या हातच्या सशाची आठवण काढतोय, लसूण, रोझमेरी अशी यादी म्हणतोय, आणि दोघे भुकेने मुकाट परततात. त्यांना एकत्र ठेवायला भिंतींपेक्षा हा भाजल्याचा वास जास्त कामाला येतो.

तक्रार करायचीच तर बायकांच्या भूमिकांबद्दल. एलेन बार्किन झॅकचं सामान रस्त्यावर भिरकावते आणि कथेतून जाते. बिली नीललाही जॅकला चार शब्द सुनावण्यापलीकडे काम नाही. जंगलातल्या खानावळीत भेटणारी निकोलेत्ता ब्रास्की तर परीकथेतूनच आलेली. रोबेर्तो तिच्या प्रेमात पडून तिथेच राहतो (पुढे 1991 मध्ये दोघांनी खरंच लग्न केलं). आणि जॅकचा धंदा किती ओंगळ आहे, याकडे चित्रपट लुरीच्या ऐटीमुळे कानाडोळा करतो, हे आज जास्त खुपतं.

शेवटी एका फाट्यावर जॅक आणि झॅक कोटांची अदलाबदल करून वेगवेगळ्या वाटांनी जातात. मिठी नाही, पुन्हा भेटू नाही. मोठ्या स्टुडिओने हे चालवून घेतलं नसतं. पण वेंडर्सकडून मिळालेल्या उरल्यासुरल्या फितीवर 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज'ची (1984) सुरुवात करणारा आणि त्यासाठी कान महोत्सवात पदार्पणाचं पारितोषिक मिळवलेला जार्मुश आपल्या चित्रपटांच्या निगेटिव्हचा हक्क स्वतःकडे ठेवण्याबद्दल ख्यात आहे. काय गाळायचं हे ठरवायचा अधिकार त्याने असा राखला.

पुढच्या आठवड्यात झाक बेकेरचा 'ल त्रू' (1960). पॅरिसच्या सांते जेलमधले पाच जण आणि काँक्रीटची जमीन फुटेपर्यंत न हलणारा कॅमेरा. जार्मुशने खोदकाम चुकवलं म्हणून ज्यांना चुटपुट लागली असेल, त्यांची तिथे पुरेपूर भरपाई होईल.