अंधारातला रोही आणि ब्रेकचे गणित

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी तीन महिने वर्गात दिसला नाही. परत आला तेव्हा त्याच्या काखेत कुबडी होती. हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस होते. त्या आठवड्यात शेतातल्या पंपाला वीज रात्रीची मिळत होती, म्हणून पंप सुरू करायला तो मोटारसायकलने निघाला. गाव मागे पडले आणि वळणापुढच्या सरळ रस्त्यावर रोही उभा! "सर, मी दिसल्याबरोबर ब्रेक दाबला," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "वेग किती होता?" मी विचारले. "जास्त नव्हता सर. साठ असेल."

विद्यार्थी मित्रांनो, त्याच्या बोलण्यावर अविश्वास दाखवण्याचे काही कारण नाही. त्याने ब्रेक दाबला असणार, आणि ताशी ६० कि.मी. हा वेग आजकाल कोणाला जास्त वाटत नाही. मग धडक का बसली? याचे उत्तर शोधायला नववीच्या पुस्तकातील गतिविषयक समीकरणे पुरेशी आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांना गाडी चालवण्याचा परवाना अजून मिळालेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण वडिलांच्या किंवा काकांच्या मागे बसून तुम्ही याच रस्त्यांनी जाता, तेव्हा हे गणित तुमचेही आहे.

प्रथम रोहीची ओळख करून घेऊ. विदर्भात ज्याला रोही म्हणतात, तीच नीलगाय. ती गाय तर नाहीच, पण हरिणही नाही. चितळ आणि सांबर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची फाटे फुटलेली शिंगे दरवर्षी गळतात व नवी येतात. रोही आणि काळवीट हे कुरंग. त्यांची शिंगे गळत नाहीत. बोलीभाषेत मात्र आपण सगळ्यांना हरणेच म्हणतो, आणि रस्त्यावर गाठ पडली तर या वर्गीकरणाने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो वजनाने. पूर्ण वाढलेल्या रोही नराचे वजन २०० किलोग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही जास्त भरते. खांद्यापाशी त्याची उंची सव्वा ते दीड मीटर असते. नेहमीच्या वापरातील १०० सीसीची मोटारसायकल व तिच्यावरचा माणूस यांचे वजन मिळून साधारण १८० किलोग्रॅम होते. म्हणजे ही टक्कर बरोबरीच्या वजनांची आहे.

हा प्राणी रस्त्यावर येतो कशाला? रस्त्याच्या एका बाजूला झुडपी जंगल किंवा पडीक रान असते आणि दुसऱ्या बाजूला तूर, हरभरा, गहू. दिवसभर रानात थांबायचे आणि दिवेलागणीनंतर पिकात उतरायचे, हा त्याचा क्रम. पहाटे तो परत फिरतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी अशाच फेऱ्या होतात. जागलीला बसणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो तुम्हाला रोह्यांच्या येण्याजाण्याच्या वाटाही दाखवील. नेमक्या याच वेळी माणसे शेतावरून घरी येत असतात किंवा घरून शेतावर जात असतात.

आता दिव्याचा विचार करू. मोटारसायकलच्या दिव्याचा प्रकाश जसजसा पुढे जातो तसतसा पसरतो. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर विखुरतो, म्हणून वस्तूवर पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो. हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला माहीत आहेच. पण एवढ्यावर भागत नाही. अंतर दुप्पट झाल्यावर त्या वस्तूची आपल्या डोळ्यात उमटणारी प्रतिमाही लांबीला निम्मी व रुंदीला निम्मी होते. तिचे क्षेत्रफळ पुन्हा एकचतुर्थांश! दोन्हींचा गुणाकार केला तर त्या प्राण्याकडून आपल्या डोळ्यात शिरणारा एकूण प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. "गाडीला दुप्पट ताकदीचा दिवा बसवला, आता दुप्पट लांबचे दिसेल," असे म्हणणाऱ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे.

त्यातून रोही नराचा रंग निळसर करडा, मादी तपकिरी. डांबरी रस्त्यावर, काळोखात, हा रंग जवळजवळ नाहीसा होतो. एकच गोष्ट आपल्या मदतीला येते, ती म्हणजे त्याचे डोळे. रात्री वावरणाऱ्या पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. दृष्टिपटलातून आरपार गेलेला प्रकाश हा थर परत फिरवतो, म्हणजे त्याच प्रकाशाचा डोळ्याला दुसऱ्यांदा उपयोग होतो. उरलेला प्रकाश आला त्याच दिशेने बाहेर पडतो. आपला डोळा दिव्याच्या अगदी जवळ, थोडासा वर असल्याने तो आपल्याकडेच येतो आणि अंधारात दोन चकाकणारे ठिपके दिसतात. शरीर दिसण्याच्या कितीतरी आधी हे ठिपके दिसू शकतात. मात्र त्यासाठी प्राण्याने आपल्याकडे पाहायला हवे. तो मान खाली घालून चरत असेल किंवा रस्ता ओलांडताना समोर पाहत असेल, तर ठिपके नाहीत.

अंधाराला सरावलेल्या त्याच डोळ्यांवर एकदम प्रखर झोत पडला की प्राणी बिचकून जागच्या जागी थबकतो. आपल्याला वाटते, एवढा आवाज होतोय, दिवा दिसतोय, मग पळत का नाही? त्याच्या बाजूने पाहा. त्याला दिसतो तो फक्त झगझगाट. गाडी किती दूर आहे, किती वेगाने येते आहे, याचा अंदाज त्याला येण्याजोगा नसतो. मोटारसायकल ही त्याच्या ओळखीच्या शत्रूंपैकी नव्हे.

हा विद्यार्थी भेटून गेल्यावर मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने बंद मैदानात एक साधे मोजमाप केले. गाडी उभी करून दिवा खाली केला. सहकारी काळपट घोंगडी पांघरून दुरून हळूहळू चालत आला. ते "काहीतरी" आहे असे मला ४५ मीटरवर कळले. नंतर समोर दुसरी एक गाडी दिवा लावून उभी केली व प्रयोग पुन्हा केला. आता घोंगडी दिसली ती केवळ २५ मीटरवर! आणि ध्यानात घ्या, घोंगडी येणार आहे हे मला आधीच माहीत होते.

अंतर मिळाले. आता वेळ. मित्राने बोटांतून पट्टी सोडली आणि तुम्ही ती चिमटीत पकडली, तर ती साधारण २० सेंटीमीटर खाली येते. मुक्त पतनाच्या समीकरणावरून हा काळ ०.२ सेकंद येतो. पण तिथे तुम्ही टपून बसलेले असता. रस्त्यावर आधी काहीतरी दिसायला हवे, ते झुडूप नसून जनावर आहे हे उमगायला हवे, थांबायचे ठरवायला हवे आणि मग हातपाय हलायला हवेत. सावध माणसालाही यासाठी दीड सेकंद तरी धरावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे रस्ते आखताना अभियंते अडीच सेकंद धरतात. आपण दीडच धरू. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर सर्वसाधारण चालकाला दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करता येतो, असे समजू. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले या मंदनाची दुप्पट, म्हणजे भागिले १०.

ताशी ५० कि.मी. म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. दीड सेकंदात गाडी २१ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १९ मीटर. एकूण ४० मीटर. रोही ४५ मीटरवर दिसला असेल तर गाडी त्याच्या ५ मीटर अलीकडे थांबते. छातीत धडधडेल, पण तेवढेच.

आता ताशी ६० कि.मी. घ्या. सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर संपले. उरले २० मीटर, आणि थांबायला लागतात २८. म्हणजे गाडी थांबत नाही. धडकेच्या क्षणी वेग किती? सुरुवातीच्या वेगाचा वर्ग २७८. त्यातून २ × ५ × २०, म्हणजे २०० वजा करा. उरले ७८. वर्गमूळ ८.८, म्हणजे ताशी सुमारे ३२ कि.मी. आधीचा वेग फक्त १० कि.मी.ने जास्त होता, पण एका ठिकाणी गाडी थांबली आणि दुसऱ्या ठिकाणी ३२ च्या वेगाने आदळली. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले असावे. आणि ८० चा वेग असेल तर? दीड सेकंदात ३३ मीटर गेले, ब्रेकसाठी १२ मीटरसुद्धा उरत नाहीत, आणि धडक बसते ताशी ७० कि.मी.ने. ब्रेक दाबला काय नि न दाबला काय!

हे आकडे पडण्याच्या भाषेत मांडू. ताशी ३२ कि.मी.चा वेग ४ मीटर उंचीवरून पडल्यावर येतो, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून. ताशी ७० साठी १९ मीटर उंची लागते, म्हणजे सहाव्या मजल्याच्या आसपास. मोटारीत पुढे बॉनेट असते, पट्टा असतो. मोटारसायकलवर पुढचे चाक रोहीच्या पायांत अडकते, त्याचे सारे वजन मीटरभर उंचीवर, चालकाच्या छातीच्या पातळीला असते, आणि न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे चालक पुढे जातच राहतो.

ब्रेकबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्याकडे पुष्कळ जण फक्त पायाचा ब्रेक वापरतात. "पुढचा दाबला की गाडी उलटते," हा समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर सरकते. उभ्या गाडीत दोन्ही चाकांवर निम्मे निम्मे वजन असेल, तर वर धरलेल्या मंदनात मागच्या चाकावर जेमतेम पाव भाग उरतो. वजन कमी म्हणजे घर्षण कमी. एकट्या मागच्या ब्रेकने मंदन निम्म्यावर येते, चाक घसरू लागते, आणि वरच्या उदाहरणातील ३२ चा आकडा ४८ वर जातो. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक जोडलेले असणे किंवा चाक अडकू न देणारी यंत्रणा असणे सक्तीचे आहे, ते यासाठीच. जुन्या गाडीवर हात आणि पाय दोन्ही वापरावे लागतात. पुढचा ब्रेक झटक्याने न ओढता दाब वाढवत न्यावा. वाळू किंवा बारीक खडी असेल तर घर्षणच कमी असते आणि वरची सगळी अंतरे लांबतात.

"मग बाजूने वळवून का काढू नये?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न चांगला आहे. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाला मर्यादा असते. ते सगळे थांबण्यासाठी खर्च केले तर वळण्यासाठी शिल्लक राहत नाही. जोरात ब्रेक दाबून त्याच वेळी हँडल वळवले की दुचाकी आडवी होते. शिवाय रोही कोणत्या बाजूला उडी घेईल हे त्यालाही ठाऊक नसते. सरळ रेषेत वेग मारत राहणे, हॉर्न देणे आणि त्याला त्याची वाट ठरवू देणे, हेच बरे. एक गेला की लगेच वेग वाढवू नये, कारण मागून दुसरा येत असतो. पुष्कळ अपघात या दुसऱ्याशी होतात, असे गावातील लोक सांगतात.

मोठ्या महामार्गावर यावर उपाय करता येतो. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे. २०१९ मध्ये तिथल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या प्राण्यांत वाघ होते आणि चितळ तर भरपूर. पण गावोगावच्या शेतरस्त्यांवर असे पूल कोण बांधणार? तिथे हेल्मेट मात्र असू शकते. दीड मीटरवरून डोके जमिनीवर आदळले तर वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर दोन सेंटीमीटर दबला, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या ७५ पट होते. उघडे डोके तीनच मिलिमीटरमध्ये थांबले तर ते ५०० पट होते. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याच्या आधीच उडून जाते, मग या हिशेबाला अर्थ नाही.

आता एक बीजगणित. आपल्याला दिसणारे अंतर ठाऊक असेल तर थांबता येईल असा कमाल वेग किती? सेकंदाला क्ष मीटर वेग धरा. दीड सेकंदातील अंतर १.५ क्ष आणि ब्रेकचे अंतर क्ष² ÷ १०. यांची बेरीज ४५ मीटर. दहाने गुणल्यावर दहावीतले वर्गसमीकरण मिळते:

क्ष² + १५ क्ष − ४५० = ०

अवयव पाडा: (क्ष − १५)(क्ष + ३०) = ०. म्हणून क्ष = १५, म्हणजे ताशी ५४ कि.मी. समोरून गाडी येत असताना दिसलेल्या २५ मीटरसाठी समीकरण होते क्ष² + १५ क्ष − २५० = ०; क्ष = १०, म्हणजे ताशी ३६ कि.मी.! आणि अभियंत्यांचे अडीच सेकंद घेतले तर ४५ मीटरसाठीसुद्धा उत्तर ताशी ४४ कि.मी.च्या खालीच राहते.

घोंगडीचा प्रयोग तुम्ही शाळेच्या मैदानावर शिक्षकांना किंवा वडिलांना सोबत घेऊन करू शकाल. रस्त्यावर करू नका. दिव्याची काच एकदा धुळीसकट ठेवून आणि एकदा पुसून, दोन्ही वेळा अंतर मोजा. माझ्या विद्यार्थ्याने दुरुस्त होऊन आलेल्या आपल्या गाडीवर हा प्रयोग केला. काच पुसल्यावर त्याला ४० मीटर अंतर मिळाले. त्याच्या गाडीसाठी क्ष किती, ते तुम्ही काढा.