डेन्व्हरच्या उंचीवर टर्बो गाडी : आपल्या मंडळींचे अनुभव



गेल्या कोजागिरीला मसाला दूध पिऊन झाल्यावर नेहमीप्रमाणे पार्किंग लॉटमध्ये गप्पांचा दुसरा फड रंगला. विषय अर्थातच गाड्या! बोलता बोलता लक्षात आले की आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आता टर्बो इंजिनची पेट्रोल गाडी आहे, आणि ती घेताना आपण रंग, सनरूफ आणि मागच्या सीटवर आई-बाबा नीट बसतील की नाही एवढेच पाहिले होते. इंजिनबद्दल डीलरने "छोटे आहे पण ताकद भरपूर" असे सांगितले आणि आपण मान डोलावली.

त्याच रात्री एका कुटुंबाने त्यांची हकिकत सांगितली. हे लोक न्यू जर्सीहून इकडे राहायला आले. इथे आल्यावर त्यांनी एक वापरलेली टर्बो एसयूव्ही घेतली. दोन वर्षे गाडी छान चालली. मग एका जानेवारीत आय-७० वर, मुले मागे बसलेली, बाहेर बर्फ, आणि चढावर चेक इंजिन लाइट लुकलुकायला लागला, गाडी थरथरायला लागली. कशीबशी कडेला घेतली. टो ट्रकची वाट पाहत दोन तास गेले. तपासणीत एका सिलिंडरचा पिस्टन तडकलेला निघाला. वॉरंटीची मुदत शिल्लक होती, पण ऑइल चेंजच्या पावत्या नव्हत्या, म्हणून दावा नाकारला गेला. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून नवे इंजिन बसले. "आम्हाला कुणी सांगितलेच नाही हो," असे वहिनी म्हणाल्या, आणि ते आमच्या मनात राहिले.

म्हणून आम्ही चौघांनी आपल्या मंडळींचे अनुभव गोळा केले आणि गाड्यांची मॅन्युअल्स उघडून वाचली. आमच्यापैकी कुणीही मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. गावाकडे चूल पेटत नसली की आजी फुंकणीने हवा घालायची. लाकूड तेवढेच, पण हवा जास्त मिळाली की जाळ भडकायचा. टर्बो ही इंजिनची फुंकणी. फरक एवढाच की फुंकायला लागणारा जोर इंजिनच्याच धुरातून मिळतो. एक्झॉस्टचा गरम वायू एक छोटे चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये ढकलते. ही चाके मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतात, आणि एका बाजूचे तापमान नऊशे अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. तो दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल खराब झाले की पहिला मार तिथे बसतो.

आता आपले डेन्व्हर. माइल हाय सिटी, म्हणजे ५,२८० फूट. महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. थोडक्यात, आपण मुलांना शाळेत सोडतो ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर! इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी असतो, आणि आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याशी, ११,१५८ फुटांवर, तो जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. साध्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटते. टर्बो मात्र विरळ हवा दाबून ही तूट बरीचशी भरून काढतो. आमच्यातल्या एकाची जुनी २.४ लिटरची गाडी त्या चढावर पाय पूर्ण दाबूनही नुसती ओरडायची. त्यांना पद्मिनी फियाट आणि खंडाळ्याचा घाट आठवायचा, एसी बंद करा आणि देवाचे नाव घ्या. आता १.५ लिटर टर्बो तोच चढ गप्पा मारत चढते. तेव्हा आपल्या गावासाठी टर्बो ही वाईट निवड मुळीच नाही. हा लेख वाचून कुणी गाडी विकायला काढू नये.

मायलेजचा अनुभव मात्र संमिश्र आहे. सपाट रस्त्यावर, शांतपणे चालवली तर स्टिकरवरचा आकडा मिळतो. चढावर किंवा घाई केली की टर्बो जास्त हवा ढकलतो आणि त्या हवेबरोबर पेट्रोलही जास्त जाते. फुंकणी मारली की लाकूड लवकर संपणारच.

आता खरा मुद्दा. पंपावरचे बटण!

न्यू जर्सीत स्वतः गॅस भरायला कायद्याने मनाई आहे. तिथला माणूस येतो, आपण "रेग्युलर" म्हणतो, तो ८७ ऑक्टेन भरतो. इथे कोलोरॅडोत आपण स्वतः उतरतो आणि सवयीने सर्वात स्वस्त, "रेग्युलर" लिहिलेले बटण दाबतो. ते बहुतेक ठिकाणी ८५ असते! ८७ हे मधले बटण आणि ९१ तिसरे. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांपैकी आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या कितीतरी जणांनी हे कधी पाहिलेच नव्हते. आमच्यातलेही दोघे त्यात होते, लपवायचे काय!

हे ८५ आले कुठून? ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलने दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता. ठिणगी पडण्याआधी किंवा भलत्याच जागी ते पेटले तर इंजिनमध्ये खडखड होते, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात इथल्या विरळ हवेमुळे सिलिंडरमधला दाब कमीच असायचा, म्हणून ८५ चालून जायचे. पण टर्बोचे कामच मुळी तो दाब परत आणण्याचे! म्हणजे इंजिनाला वाटते आपण समुद्रकाठी आहोत, आणि आपण त्याला डोंगरावरचे पेट्रोल पाजतो. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक टर्बो गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेले आहे, काहींत ९१. नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे सरकवून इंजिन वाचवतो, पण भर चढावर, सामान आणि माणसे भरलेली असताना, त्यालाही मर्यादा आहे.

त्या कुटुंबाचा पिस्टन ८५ मुळेच तडकला असे छातीठोकपणे कुणी म्हणू शकणार नाही. ऑइलचेही दुर्लक्ष झाले होते. पण दोन वर्षे ८५ भरले होते हे खरे.

जाता जाता, भारतातून आलेल्या पाहुण्यांशी वाद घालू नका. भारतातला ९१ हा आकडा रिसर्च पद्धतीने मोजलेला असतो आणि इथला दोन पद्धतींची सरासरी असते. तिकडचा ९१ म्हणजे इथला साधारण ८७.

दुसरी तक्रार ऑइलची. एका काकांनी डिपस्टिक ओढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले! वर पेट्रोलचा वास. काका खूश, की गाडी ऑइल तयार करते! झाले असे की या इंजिनांत बहुधा पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. थंडीत इंजिन गार असताना त्यातले थोडे भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. इंजिन चांगले तापले की ते उडून जाते. पण काकांची गाडी घर, ग्रोसरी आणि मंदिर एवढीच, दोन-दोन मैल, तीही उणे तापमानात. तापायला वेळच मिळत नाही. २०१८ मध्ये होंडाच्या १.५ लिटर टर्बोबद्दल थंड प्रदेशांत हीच तक्रार जाहीरपणे पुढे आली आणि कंपनीने नंतर सॉफ्टवेअर बदलून वॉरंटीही वाढवली. दोष एकाच कंपनीचा नाही, कमी-अधिक प्रमाणात तो या रचनेतच आहे. उपाय साधा : आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर फेरी, आणि ऑइल लवकर बदलणे. मॅन्युअलमध्ये "सिव्हियर सर्व्हिस" नावाचे वेगळे वेळापत्रक असते. लहान फेऱ्या, गोठवणारी थंडी, डोंगर. हे वर्णन आपलेच आहे! आम्ही आता ५,००० मैलांच्या आत बदलतो.

ऑइल घेताना डब्यावर एपीआय एसपी किंवा त्यानंतरचे मानक पाहावे. टॉप गिअरमध्ये, कमी आरपीएमवर एकदम पाय दाबला तर टर्बो इंजिनमध्ये ठिणगीच्या आधीच स्फोट होण्याचा एक प्रकार घडू शकतो, आणि त्यात ऑइलमधल्या रसायनांचाही हात असतो. तो टाळण्यासाठी आधी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे मानक आले. सेलमधले जुने डबे स्वस्तात मिळतात, त्यांच्या मोहात पडू नये.

ऑइल घरी बदलले तरी चालते. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ डीलरकडे काम केले नाही म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. पण तारीख, मैल आणि ऑइल-फिल्टरच्या पावत्या जपून ठेवा. एक फोटो काढून ठेवला तरी पुरे.

इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचण्याचा अनुभव दोघांना आला, सकाळी सुरू करताना गाडी अडखळते. पेट्रोल थेट आत जात असल्याने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. गंमत म्हणजे ते साफ करतात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून! आणि घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करू नये, शेवटचे दोन मिनिटे सावकाश चालवावे. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचे कूलिंग असते, तरी या सवयीला पैसे पडत नाहीत.

असो. टर्बो मालकांची ही पंचाईत जुनीच आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायर या सुरुवातीच्या टर्बो मोटारीत नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे खास द्रावण भरावे लागे. मालक ते भरायला विसरत, आणि शेवटी अनेकांनी टर्बोच काढून टाकला.

पुढच्या पॉटलकला आपापले मॅन्युअल घेऊन या, ऑक्टेन आणि ऑइलचे पान आपण एकत्र बसून शोधू. त्या वहिनींनी तर नव्या इंजिनाच्या गाडीला टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली आहे. त्यावर मार्करने लिहिले आहे, "मधले बटण".