हाड दाट होतं, तरी मोडतं

परभणी जिल्ह्यात साठीपुढच्या माणसाची कंबर धरली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘वात’. जन्मभर औत हाकलं, पोती उचलली, कंबर दुखणारच. मग तेल, शेक, बिब्ब्याचे चटके, मेडिकलवरच्या गोळ्या, गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन. बहुतेकांचं दुखणं खरोखर साधंच असतं. पण काहींच्या मणक्यात वेगळाच घोळ चाललेला असतो आणि त्याचं मूळ मणक्यात नसतंच. ते मूत्राशयाखालच्या, जेमतेम वीसेक ग्रॅमच्या प्रोस्टेट ग्रंथीत असतं.

प्रोस्टेटचा कॅन्सर बरेचदा वर्षानुवर्षं गप्प राहतो. त्यातून निसटलेल्या पेशी रक्तातून यकृतात, फुप्फुसात, कुठंही जाऊ शकतात. तरी ज्यांच्यात तो दूर पसरतो, अशा दहापैकी सुमारे नऊ जणांत तो हाडात सापडतो. हाडच का? स्टीफन पॅजेट या लंडनच्या सर्जननं १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर वाटेल त्या अवयवात पसरत नाही, त्याची ठिकाणं ठरलेली असतात, असं त्याला दिसलं. त्यानं उपमा दिली ती बियाण्याची आणि जमिनीची. गोदाकाठच्या काळ्या रानात ओलीवर पोसणारी रब्बी ज्वारी मुरमाड माळावर तशी येत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. प्रोस्टेटच्या पेशींसाठी हाडातला मगज ही तशी काळी जमीन आहे.

तिथवरची वाटही सोपी आहे. १९४० साली फिलाडेल्फियाचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी मृतदेहांवर प्रयोग करून दाखवलं की ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला थेट जोडलेल्या आहेत. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटावर दाब आला की रक्त उलटं वाहू शकतं. म्हणून कमरेचे मणके आणि ओटीपोटाची हाडं आधी सापडतात. पण नुसतं पोचून भागत नाही, रुजावं लागतं. मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या राखीव जागा असतात. तिथल्या पेशी एक रासायनिक हाक देत असतात. कॅन्सरच्या पेशी तीच हाक ऐकून येतात आणि त्याच जागांसाठी मूळ पेशींशी झगडतात, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांत दाखवलं. तिथं त्या कित्येक वर्षं निपचित पडून राहू शकतात. ऑपरेशन होऊन सगळं ठीक असताना, बऱ्याच वर्षांनी आजार हाडात उगवतो, तो असा.

आता हाडात नेमकं काय बिघडतं ते पाहू, कारण या आजाराचं वेगळेपण तिथंच आहे. हाड जिवंत असतं. त्यात एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या जातीच्या नवं बांधतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. बहुतेक कॅन्सर हाडात शिरले की खाणाऱ्या पेशींना चेव येतो आणि हाड पोखरलं जातं. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र एंडोथेलिनसारखी द्रव्यं सोडून बांधणाऱ्या पेशींना चिथावतो. हाड भराभर बनत जातं, पण त्यातले तंतू ओळीत बसत नाहीत, वेडेवाकडे पडतात. शिवाय खाणाऱ्या पेशीही थांबलेल्या नसतात. त्यांनी हाड विरघळवलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात आणि ती कॅन्सरच्याच पेशींना पोसतात. म्हणून एक्स-रेत मणका नेहमीपेक्षा पांढरा, दाट दिसतो आणि तरी तो शिंक आल्यावर, घागर उचलल्यावर खचू शकतो. मगजाची जागा आक्रसते, रक्त कमी होतं, माणूस पांढराफटक पडतो. मणका मज्जारज्जूवर दाबला गेला तर पायांतलं बळ जातं.

हा आजार आजचा नाही. सायबेरियातल्या तुवा प्रांतात सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या एका सिथियन राजाचा सांगाडा मिळाला. त्याच्या हाडांवर याच कॅन्सरचे डाग होते, आणि हाडात आज आपण रक्तात मोजतो ते पीएसए हे प्रथिनही सापडलं.

उपचाराची पहिली मोठी दिशा १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दिली. वृषणं काढून पुरुषी हार्मोन तोडलं की हाडात पसरलेला कॅन्सरही आवळतो, वेदना उतरते. १९६६ चा नोबेल त्यांना यासाठीच मिळाला. ते छोटं ऑपरेशन आपल्याकडे आजही होतं, कारण त्याऐवजी महिन्या-तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं अनेकांना झेपत नाहीत. मात्र हार्मोन तुटलं की उरलेली हाडंही ठिसूळ होऊ लागतात. त्यासाठी झोलेड्रॉनिक आम्लासारखी औषधं देतात. ती सुरू होण्याआधी दात तपासून घ्यायलाच हवेत, नाहीतर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. तंबाखूनं दात किडलेल्या आपल्या भागात ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथं मुद्दाम सांगतो. पुढच्या टप्प्यात पेशीपर्यंत किरणोत्सर्ग पोचवणारं ल्युटेशियम-१७७ वापरतात. ते मुंबईत तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं.

मराठवाड्याच्या वेशीवर बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. देशातली ती पहिली. परंडा आणि भूम हे आपल्या मराठवाड्यातले तालुकेही तिच्यात आहेत. खेड्यात या कॅन्सरचं प्रमाण शहरांपेक्षा कमी नोंदलं जातं. पण अमेरिकेत बहुतेक रुग्ण गाठ ग्रंथीपुरती असतानाच सापडतात आणि भारतात हाडात उतरल्यावर येणारे पुष्कळ असतात. कॅन्सरच्या उपचारासाठी परभणीचा माणूस रेल्वेनं सेलू, परतूर, जालना ओलांडून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय गाठतो. तिथवर पोचायला त्याला उशीर होतो तो अंतरामुळे कमी आणि ‘वात’ या शब्दामुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात साठीपुढचे वडील, काका, आजोबा असतील आणि त्यांची कंबर रात्री पडल्यावरही दुखत असेल, लघवीची धार बारीक झाली असेल, वजन उतरत असेल, तर पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी डॉक्टरांना पीएसएच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, साध्या वाढीनं किंवा जंतुसंसर्गानंही तो वाढतो. खात्री तुकडा तपासूनच होते. पण पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या.