चौथी आज्ञा कोणासाठी?

दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा आपल्या घरांतून बालवयातच पाठ करून घेतली जाते. पहिल्या कम्युनियनच्या तयारीस बसलेली मुले ती अस्खलित म्हणून दाखवितात आणि त्यांचे आईवडील ती समाधानाने ऐकतात. मोठ्यांचे ऐकावे, उलट उत्तर देऊ नये, एवढाच तिचा अर्थ बहुतेकांच्या मनात बसलेला असतो. परंतु मातापित्यांचा मान राखण्याची ही आज्ञा इस्राएली प्रजेला मिळाली, त्या वेळी सिनाय पर्वताच्या पायथ्याशी केवळ लेकरे उभी नव्हती. तेथे गुरेढोरे, तंबू व संसार सांभाळणारे कर्ते स्त्रीपुरुष होते आणि त्यांच्या तांड्यात चालून थकलेले म्हातारेही असणारच. वाळवंटाच्या वाटेवर अशा माणसांचे ओझे वाटू लागणे अगदी साहजिक. म्हणून ही आज्ञा आठ वर्षांच्या मुलाला जितकी बांधते, त्याहून अधिक ती त्याच्या चाळीस वर्षांच्या बापाला बांधते. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच स्पष्ट केले आहे: मुले स्वतंत्र झाली म्हणजे आज्ञापालनाचे बंधन संपते, पण आदराचे संपत नाही, आणि वार्धक्यात, आजारात व एकटेपणात आईवडिलांना शक्य तेवढा ऐहिक व मानसिक आधार देणे हे प्रौढ मुलांचे कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य आजच कठीण का व्हावे, हे आपल्या परिसरातील खेड्यांकडे पाहिल्यास कळून येते. बेळगावच्या दक्षिणेस राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेले येळ्ळूर घ्या. सुवासिक भातासाठी नावाजलेले हे गाव. अशा गावी एकेकाळी आजोबा, मुलगा व नातू एकाच शेतात राबत असत. आता शेताचे तुकडे झाले आहेत. मुलगा बेळगावच्या कारखान्यात कामाला जातो, नाहीतर पुण्याकडे, गोव्याकडे वा परदेशी असतो. आणि घरी दोन म्हातारी माणसे एकमेकांच्या आधाराने दिवस काढतात. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. पोटाची वाट माणसाला दूर नेते. मात्र अंतर वाढले म्हणजे कर्तव्य कमी झाले, असा सोयीचा समज हळूहळू रूढ होतो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे. महिन्याला पैसे पाठविले की आपले देणे फिटले, असे मुलाला वाटू लागते. म्हातारीला पैसे हवेच असतात. पण आपल्याला कोणी काही विचारीत नाही, ही तिची खंत त्या पैशांनी जात नाही.

प्रभू येशूच्या काळीही ह्या आज्ञेतून सुटण्याची एक धार्मिक पळवाट लोकांनी शोधून काढली होती. आपली मालमत्ता देवाला कुर्बान, म्हणजे अर्पण, झाली आहे, असे जाहीर केले की तिच्यातून आईवडिलांना काही देण्याची गरज उरत नसे. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने ह्या रूढीचा कडक शब्दांत निषेध केला आहे. माणसांच्या रूढीसाठी तुम्ही देवाची आज्ञा रद्द करता, असा त्याचा आरोप होता. वाचकहो, हा प्रसंग आपल्यासाठी जुना झालेला नाही. चर्चच्या सणाला सढळ हाताने देणगी द्यायची, दानशूर म्हणून मान मिळवायचा आणि आईच्या औषधाच्या खर्चावरून भावाभावांनी भांडायचे, ही आधुनिक कुर्बानच होय. आईचा घास काढून वेदीवर ठेवलेले दान देवाला नको आहे.

ह्याउलट प्रभूने स्वतः काय केले, हे संत योहानाच्या शुभवर्तमानात दिसते. क्रुसावर प्राणांतिक वेदना सोसत असताना त्याने आपली माता मरिया आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली केली आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. जगाच्या तारणाचे कार्य पूर्णत्वास जात असतानाही विधवा आईची व्यवस्था लावणे त्याला गौण वाटले नाही. मग नोकरीची धावपळ, मुलांच्या परीक्षा, घराचे हप्ते ही कारणे आपण कोणत्या तोंडाने पुढे करावी?

बेनसिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय तर एक पाऊल पुढे जातो. बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याला तुच्छ लेखू नये, असा तेथील उपदेश आहे. ज्यांच्या घरी विस्मृतीचा विकार जडलेले वडील वा आजी आहेत, त्यांना ह्या उपदेशाचे मोल ठाऊक असेल. तोच प्रश्न दहा वेळा विचारणाऱ्या माणसाला अकराव्या वेळी शांतपणे उत्तर देणे हे मोठ्या उपवासाहून कठीण असते. ज्या ग्रंथकाराने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिले, त्याने असे घर जवळून पाहिले असले पाहिजे.

येथवर सेवेविषयी झाले. परंतु पवित्र शास्त्र वृद्धांना केवळ सेवेचा विषय मानीत नाही. ते त्यांना शिक्षक मानते. बालयेशूला मंदिरात आणले तेव्हा त्याला कोणी ओळखले? पंडितांनी नव्हे, याजकांनीही नव्हे. मरणाची वाट पाहणाऱ्या शिमोनाने ओळखले आणि मंदिर न सोडणाऱ्या हन्नेने ओळखले. संत लूकच्या लेखनात ह्या विधवेचा संबंध चौऱ्यांशी वर्षांशी जोडला आहे. आयुष्यभर एकाच गोष्टीची वाट पाहिलेल्या डोळ्यांना ती गोष्ट दिसताच पटते. तीमथ्याला लिहिताना संत पौलाने त्याच्या श्रद्धेचा उगम सांगितला आहे. ती श्रद्धा आधी त्याची आजी लोईस हिच्यात होती, मग आई युनीके हिच्यात. पौलासारखा गुरू लाभलेल्या तरुणाचा पहिला गुरू त्याची आजीच होती.

आपल्या मराठी भाषेतही ह्याचे एक थोर उदाहरण आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथ पुन्हा छापला जाण्याची आशाही मावळली. तरीही ख्रिस्तपुराण नाहीसे झाले नाही. कानडा किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. घरातील मोठी माणसे ते वाचीत, गात, आणि लहानांच्या कानी ते पडे. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापून काढले. मधल्या अडीचशे वर्षांत छापखान्याने जे टिकविले नाही, ते घरातील मोठ्यांनी टिकविले. पण त्यांनी टिकविले असले, तरी पुढच्या पिढीने बसून ऐकले म्हणूनच ते पुढे आले, हेही विसरता कामा नये.

अशा ठेवी प्रत्येक घरी असतात. पावसाळ्याच्या तोंडी धूळवाफ पेरणी केव्हा करावी, कोणत्या शिवारात पाणी साचते, कोणत्या बांधावरून कोणता तंटा झाला आणि तो कोणी मिटविला, हे येळ्ळूरच्या शेतकरी आजोबांना कागद न पाहता सांगता येते. आज ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, ती माणसे १९५३ साली बेळगाव धर्मप्रांताची स्थापना झाली तेव्हा लहान होती. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा ती शाळेत होती. त्या काळी घरी कोणती प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणत, दुष्काळात शेजाऱ्याने शेजाऱ्याला कसे तारले, परधर्मीय शेजाऱ्यांशी सलोखा कसा राखला, हे त्यांना विचारल्याखेरीज आपल्याला कसे कळणार? ते माणूस गेले की पुस्तकाचे एक पान गळते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

येथे एखादा तरुण वाचक विचारील, “वडीलधारे म्हणतील ते सर्वच योग्य मानायचे काय?” प्रश्न रास्त आहे आणि पवित्र शास्त्राने तो टाळलेला नाही. दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेच्या कथेत निष्पाप स्त्रीवर खोटा आळ घेणारे दोघेजण प्रजेचे वडीलच होते, आणि त्यांचा खोटेपणा तरुण दानिएलाने उघडकीस आणला. ज्ञानग्रंथाचा चौथा अध्यायही सांगतो की, खरे वडीलपण वर्षांच्या संख्येने मोजले जात नाही. तेव्हा सुनेचा छळ, हुंड्याची हाव किंवा जातीचा अहंकार कोणी पांढऱ्या केसांच्या आडून चालवू लागला, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नकार देणे हे पाप नव्हे. आदर राखूनही असहमत होता येते.

वडीलधाऱ्यांच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात नव्वद वर्षांच्या एलाजाराची कथा आहे. निषिद्ध मांस खाल्ल्याचे केवळ सोंग करा, तुमचा जीव वाचेल, असे त्याला त्याच्या ओळखीच्या माणसांनी सुचविले. त्याने ते नाकारले. आपल्या सोंगामुळे तरुणांची दिशाभूल होईल, ही त्याची चिंता होती. त्याने मरण पत्करले आणि तरुणांपुढे उदाहरण ठेवले. मान मागण्याआधी आपण पुढच्यांना काय देत आहोत, हा प्रश्न प्रत्येक आजीआजोबांनी स्वतःस विचारावा, असे ही कथा सुचविते.

जेथे प्रेम आटते, तेथे निदान कायद्याची भिंत असावी म्हणून भारतीय संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाह व कल्याणासाठी कायदा केला. ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही असे आईवडील व साठ वर्षे पूर्ण झालेले ज्येष्ठ नागरिक त्याअन्वये न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात. खेड्यातील वडिलांनी ह्या कायद्याचे तेविसावे कलम विशेष ध्यानात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन वा घर, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची वाट त्यात आहे. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. असे लिहून घेणे म्हणजे मुलावर अविश्वास नव्हे; बेनसिराच्या ग्रंथाचा तेहतिसावा अध्यायही हयातीत आपली मालमत्ता घाईने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असा सावधगिरीचा सल्ला देतोच. तथापि ज्या घरी आईला भाकरीसाठी कचेरीची पायरी चढावी लागते, त्या घरी चौथी आज्ञा त्याआधीच मोडलेली असते.

कायदा जेथे थांबतो तेथून ख्रिस्ती प्रीती चालू लागते. फ्रान्स देशातील सेंट-सर्व्हान गावी १८३९ साली जान ज्युगां नावाच्या एका गरीब स्त्रीने आंधळ्या, अर्धांग झालेल्या एका म्हातारीस घरी आणले आणि आपला बिछाना तिला देऊन स्वतः माळ्यावर निजू लागली. त्यातून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ साली तो कलकत्त्यास आला. २००९ साली परमगुरू सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी जान ज्युगां हिला संतपद दिले. तिच्यापाशी पैसा नव्हता. एक बिछाना होता, तो तिने दिला.

दिवंगत परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी २०२१ पासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिवस म्हणून नेमून दिला. प्रभू येशूचे आजीआजोबा संत योआकीम व संत आन्ना ह्यांचा सण २६ जुलैला येतो, त्याच्या लगतचा हा रविवार होय. त्या दिवशी हार घालून, खुर्चीवर बसवून सत्कार करणे चांगले. पण सोमवारी ती खुर्ची पुन्हा कोपऱ्यात जाऊ नये. त्याकरिता काही साध्या गोष्टी प्रत्येक घरी करता येतील. रात्रीच्या रोझरीत एक गूढ आजोबांनी सांगावे. परगावी असलेल्या मुलाने आठवड्यातून एकदा फोनवर केवळ प्रकृतीची चौकशी न करता एखाद्या बाबतीत त्यांचा सल्ला विचारावा. नातवंडांनी आजीकडून एक जुनी प्रार्थना वा एक गोष्ट वहीत उतरून घ्यावी. ज्या घरी म्हातारा एकटा आहे, त्याच्या ओसरीवर शेजाऱ्याने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, घटकाभर बसावे.

चौथ्या आज्ञेबरोबर देवाने दीर्घायुष्याचे वचनही जोडले आहे. ते वचन मिळाले म्हणजे आपणही एक दिवस वृद्ध होणार. आपली मुले आज आपल्याकडे पाहत आहेत. त्यांच्या आजीशी आपण कसे बोलतो, तेच ती शिकत आहेत.