तुपाचा घास आणि मिठाची चिमूट

मुलाचे पोट बिघडले, की आपल्या मुरगुडात पहिला हुकूम सुटतो तो तूप बंद करण्याचा. मऊ भात, पेज, फार तर ताक. एरवी यात शहाणपणच आहे. परंतु सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात विकारात हेच पथ्य मुलाला उपाशी ठेवते.

या विकारात शरीरातील स्राव घट्ट व चिकट होतात. छातीत कफ साचतो, तसेच जठरामागील स्वादुपिंडाच्या नलिका बुजतात आणि स्निग्ध पदार्थ पचविणारा रस आतड्यात पुरेसा उतरत नाही. मूल अधाशासारखे जेवते, पण अंगी लागत नाही. शौचास पुष्कळ, तेलकट व दुर्गंधीयुक्त होते. तुपाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात.

न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. पुढे कितीतरी वर्षे डॉक्टरांचे मतही आपल्या आजीबाईंसारखेच होते : स्निग्ध वर्ज्य! टोरांटोच्या डॉक्टरांनी मात्र १९७०च्या दशकात भरपूर लोणी-दूध आणि त्याबरोबर पाचक रसाची औषधे देणे पत्करले. १९८८ साली बोस्टनच्या रुग्णांशी तुलना प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची स्थिती दोन्हीकडे सारखीच. पण बोस्टनला निम्मे रुग्ण एकविशी गाठत, तर टोरांटोला तिशी.

म्हणजे कोल्हापूरच्या तालमीतला खुराकच म्हणा ना! फरक एवढाच, की पैलवान तो आपल्या बळावर पचवितो. या मुलाला प्रत्येक जेवणाच्या आरंभी पाचक रसाची कॅप्सूल लागते. आतले दाणे चावावयाचे नाहीत आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची. हा रस डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. घरच्यांना ते आधीच सांगावे. मागाहून कळून औषध बंद पडण्यापेक्षा ते बरे.

दुसरी गोष्ट मिठाची. या मुलांच्या घामातून मीठ फार जाते. १९४८ च्या न्यूयॉर्कमधील उष्म्यात अशी मुले कोलमडली, तेव्हा डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. आपल्या चैत्र-वैशाखात तर त्यांना जादा मीठ व पाणी हवेच.

कधी घट्ट मळ आतड्यात अडकून पोटाच्या उजव्या बाजूस कळ येते, पोट फुगते, उलट्या होतात. अशा वेळी घरगुती जुलाब न देता इस्पितळ गाठावे. मोठेपणी मधुमेह जडला, तरी आहार तोडावयाचा नसतो. इन्सुलिन द्यावयाचे असते.

मुका घेताना कपाळ खारट लागते, खोकला हटत नाही आणि वजन वाढत नाही, अशा मुलाच्या घामातील क्लोराइडची तपासणी मोठ्या इस्पितळात अवश्य करवून घ्यावी.