तणनाशकाला उतरवलं बाटलीत!

पाण्याची रिकामी बाटली फेकताय? एक मिनिट! भट्टीतून काढली, तर हीच बाटली पाण्यातलं तणनाशक पकडू शकते.

थाप नाही. पोर्तुगालच्या एव्होरा विद्यापीठातल्या संशोधकांनी हा उद्योग करून बघितलाय. कच्चा माल : बाटल्यांचं पेट प्लास्टिक आणि ज्यापासून स्वेटरचा ॲक्रिलिक धागा होतो ते पॉलिमर. टार्गेट : एमसीपीए नावाचं तणनाशक.

आता काळं करायचं. तोंड नव्हे, प्लास्टिक! हवा न लागू देता तापवलं की पेटचा बराचसा भाग वायू होऊन पसार होतो. हाती उरतो जेमतेम पाचवा हिस्सा कोळसा. मग ८००-९०० अंशांच्या आसपास त्यावर कार्बन डायॉक्साइड सोडायचा. हा गडी कोळसा आतून कुरतडत जातो, कार्बन मोनॉक्साइड होऊन सटकतो आणि मागे ठेवतो छिद्रं. छिद्रंच छिद्रं! या धंद्यात पोखरलेल्या मालालाच भाव.

माहीत आहे का, अशा चांगल्या पोखरलेल्या कोळशाच्या, म्हणजेच ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या, एका ग्रॅममध्ये १००० चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असू शकतो? कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे चिमूटभर भुकटीत साडेसात मैदानं. घ्या दम!

करवंटीचा कोळसा या खेळातला जुना हीरो. पण पेटच्या वजनात ६२ टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि राख जवळपास शून्य. स्वच्छतेत बाटली भारी!

एमसीपीए तणाला मारतं कसं, माहीत आहे का? उपाशी ठेवून नाही, वाढवून! १९४०च्या दशकातलं हे ब्रिटिश औषध झाडाच्या वाढीच्या हार्मोनची नक्कल करतं. रुंद पानांचं तण वेडंवाकडं वाढतं, पिळवटतं, खलास. शेजारचा गहू मात्र मजेत. आपल्या उसाच्या फडात फवारलं जाणारं टू-फोर-डी याचंच भावंड.

मग ते कोळशात अडकतं का? त्याच्या रेणूत सहा कार्बनचं कडं असतं, कोळशाच्या भिंतीही तसल्याच कड्यांच्या. कडं कड्याला भिडतं. पाणी जरा आम्लधर्मी असेल तर मिठी आणखी घट्ट!

युरोपात पिण्याच्या पाण्यात एकेका तणनाशकाला मुभा किती? लिटरमागे फक्त ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरच्या हजार टँकरांत मिळून एक ग्रॅम!

पण अशा कोळशातून पाणी गाळायचा खर्च कुणाचा? अमेरिकेतल्या पाणीपुरवठा यंत्रणा ॲट्राझिन या तणनाशकावरून थेट कोर्टात गेल्या. २०१२ मध्ये सिंजेंटा कंपनीनं १०.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. काळ्या कोळशाचा पांढरा पैसा!

बोनस : १९७३ मध्ये पेट बाटलीचं पेटंट मिळवणारे नॅथॅनियल वायथ हे प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथ यांचे सख्खे भाऊ.

आणि ग्लायफोसेट हे तणनाशक? ते डांबरट पाण्यात असं काही विरघळून बसतं, की साध्या कार्बनच्या हाती सहसा लागतच नाही. त्याला उतरवायला वेगळा मांत्रिक बोलवा!