घोळाण्यातलं तेल

मेथीची कोवळी जुडी निवडायची, दोन-तीन पाण्यांतून धुवायची, निथळली की बारीक चिरायची. त्यात बारीक कांदा, असली तर कांद्याची पात, तिखट, मीठ आणि शेंगदाण्याचा जाडसर कूट. वरून कच्चं तेल सोडायचं आणि पाला जरासा दबेपर्यंत सगळं हाताने चोळून घ्यायचं. हा वऱ्हाडातला घोळाणा. हिवाळ्यात घाटावर चिखली-मेहकरकडे असो की घाटाखाली नांदुरा-मलकापूरकडे, गरम भाकरीशेजारी त्याची जागा ठरलेली. मेथी नसली तर करडईचा कोवळा पाला चालतो.

वजन उतरवायला निघालेल्यांच्या ताटात हाच घोळाणा आता कूट आणि तेल वगळून येऊ लागला आहे. “मी तेल बंदच केलं,” असं सकाळी फिरायला जाणारी मंडळी अभिमानाने सांगतात. रात्री काकडी, टमाटे, कोबी, गाजर, वर लिंबू पिळलं की झालं जेवण. ताटात भाजी वाढली ही फारच चांगली गोष्ट आहे. पण तेलाचा थेंबही नसला, तर त्या भाज्यांतलं बरंच मोलाचं अंगी न लागताच निघून जातं, आणि हे प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे.

गाजराचा केशरी रंग बीटा कॅरोटिनचा, टमाट्याचा लाल लायकोपीनचा. मेथी-पालकातही कॅरोटिन भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. यातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. ही रंगद्रव्यं, आणि पालेभाजीतली ई व के ही जीवनसत्त्वं, पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना स्निग्ध पदार्थ लागतो. जेवणातला स्निग्धांश लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त सोडतं. पित्त आणि पचलेलं तेल मिळून अतिसूक्ष्म गोळे तयार होतात. कॅरोटिन त्यांत शिरतं तेव्हाच आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतं. तेल नसेल तर पित्त जेमतेम सुटतं, गोळे फारसे बनत नाहीत, आणि कॅरोटिन चोथ्याबरोबर पुढे निघून जातं.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात वेंडी व्हाइट यांच्या गटाने हे रक्तात मोजलं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात जणांना तेच सलाद तीन वेळा दिलं: एकदा बिनतेलाचं, एकदा 6 ग्रॅम तेलाचं, एकदा 28 ग्रॅमचं. बिनतेलाच्या सलादनंतर रक्तात उतरलेलं कॅरोटिन नगण्य होतं. 2017 मध्ये याच गटाने बारा तरुणींवर सोयाबीन तेल वापरून 0 ते 32 ग्रॅमपर्यंत पाच मात्रा तपासल्या. तेल वाढत गेलं तसं शोषण वाढत गेलं. आयोवा हेही आपल्या वऱ्हाडासारखं सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांचं राज्य, त्यामुळे तेलाची ती निवड मला जवळची वाटते. मात्र त्या दुसऱ्या प्रयोगाला युनिलिव्हर या खाद्यपदार्थ कंपनीने पैसा दिला होता, हे वाचकाला ठाऊक असलेलं बरं. शिवाय 32 ग्रॅम तेल म्हणजे जवळपास 290 कॅलरी. वजन उतरवणाऱ्याला ते परवडणारं नाही.

मग किती पुरे? याचं उत्तर आपल्याला जास्त जवळच्या ताटांतून मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना पालेभाजीबरोबर तेल देऊन पाहिलं होतं. 5 ग्रॅमने चांगला फरक पडला. फिलिपीन्समध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर जेवणामागे अडीच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असूनही मुलांच्या शरीरातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा वाढला. म्हणजे गोष्ट एका चहाच्या चमच्याची आहे. त्यातून मिळतात 40 ते 45 कॅलरी, साधारण अर्ध्या पोळीइतक्या.

सलादने वजन उतरायला मदत होते ती त्यातल्या पाण्यामुळे आणि चोथ्यामुळे. काकडीत 95 टक्के पाणी असतं. पोट भरतं, कॅलरी कमी जातात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी 2004 मध्ये दाखवलं की जेवणाआधी कमी कॅलरीचं वाडगाभर सलाद खाल्लं तर त्या जेवणातल्या एकूण कॅलरी 12 टक्क्यांपर्यंत घटतात. पण त्याच सलादवर चीज आणि दाट ड्रेसिंग ओतलं तेव्हा एकूण कॅलरी उलट वाढल्या. तेव्हा चमचा मोजूनच घालायचा. बाटलीतून थेट धार सोडली की हिशेब गेला.

तेल सलादवरच पडलं पाहिजे असंही नाही. आतड्यात सगळं जेवण एकत्रच येतं, म्हणून शेजारी फोडणीचं वरण किंवा जवसाची चटणी असली तरी काम भागतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. दहा ग्रॅम कुटातून साडेचार-पाच ग्रॅम तेल मिळतं, वर प्रथिनंही येतात. जवसात 40 टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्यात ओमेगा-3 भरपूर. घोळाण्यात पाला चोळण्यालाही अर्थ आहे. बारीक चिरल्याने आणि चोळल्याने पेशींच्या भिंती फुटतात आणि आतलं कॅरोटिन मोकळं होतं. शिजवल्यावर ते आणखी सुटतं. म्हणून ज्यांना कच्चा पाला सोसत नाही त्यांनी हळहळू नये. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनी झुणका-भाकरीबरोबर अंबाडीची भाजी असते. ती शिजलेली, आणि शेजारच्या झुणक्याला फोडणी आहेच. शिजवताना ‘क’ जीवनसत्त्व बरंच जातं, ते लिंबू भरून काढतं. उन्हाळ्यात घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, पालेभाजी मिळेल तेवढीच. तेव्हा जो थोडाथोडका पाला ताटात येतो, तो पुरता अंगी लागणं जास्तच गरजेचं.

खरी काळजी वाटते ती भराभर वजन उतरवायला महिनोन् महिने स्निग्धांश जवळपास शून्यावर आणणाऱ्यांची. पित्ताशय आकुंचन पावलंच नाही तर पित्त आत साचून घट्ट होतं आणि खडे बनू लागतात. इटलीतल्या संशोधकांनी 1998 साली स्थूल रुग्णांच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही आहार अतिशय कमी कॅलरीचा, फक्त एकात दिवसाला 3 ग्रॅम स्निग्धांश, दुसऱ्यात 12. वजन दोन्ही गटांचं चांगलं उतरलं. पण पहिल्या गटातल्या अकरापैकी सहा जणांना पित्ताशयात खडे झाले, दुसऱ्यात एकालाही नाही. अभ्यास छोटा आहे, तरी तेल पार बंद करण्याआधी तो डोळ्यांसमोर ठेवावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण 23 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या आणि सुमारे 21 टक्के कमी वजनाच्या. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात दोघी असतात. सासूसाठी आणलेला ‘तेल बंद’चा नियम अशक्त सुनेच्या ताटाला लागू झाला तर ते फार वाईट. आणि रक्त पातळ राहण्यासाठी वारफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावं.

आता कात्री कुठे लावायची? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2000 कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला सव्वातीन किलो होतं, म्हणजे 15 किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. तो दोन-अडीच महिन्यांतच तळाला लागत असेल, तर जास्तीचं तेल रश्शावरच्या तर्रीत, भज्यांत, कचोरीत आणि पुऱ्यांत गेलेलं असतं. कपात तिथूनच सुरू करावी.